क्यूबची स्ट्रेंथ सोड, तडा बघ

"ताई, नांदेडला बी.ई. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टील फायबर टाकून क्यूबची स्ट्रेंथ किती वाढते, यावर प्रोजेक्ट आहे. जर्मनीत हाय परफॉर्मन्स फायबर काँक्रीटमध्ये मास्टर्स करायचंय. हा प्रोजेक्ट चालेल का, आणि आपल्याकडं याचा उपयोग काय?" असं तू विचारलंस. मी उदगीरची, आता इथं जर्मनीत एका विद्यापीठाच्या काँक्रीट लॅबमध्ये नोकरीला आहे. स्पष्टच लिहिते.

क्यूबचा, म्हणजे दाबून फोडायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, नाद सोड. फायबरनं, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळलेल्या बारीक तारांनी, दाबाखालची ताकद फारशी हलत नाही. मिक्सरमध्ये फायबरचे गोळे झाले तर उलट घटते. फायबरचं खरं काम सुरू होतं तडा गेल्यावर, आणि तडा जातो ताणाखाली. साध्या काँक्रीटची ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण दहावा भाग असते. मीटरभर लांबीत एक दशांश मिलिमीटर ताणलं की खेळ संपला. आयएस 456 या आपल्या काँक्रीटच्या कोडनं स्लॅब डिझाइन करताना आपण ताणातलं काँक्रीट हिशोबातच धरत नाही, सगळं सळईवर सोडतो. म्हणून हा विषय बी.ई.त कुणी धड शिकवत नाही.

तडा गेला की फायबर त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. ते कमी पडले तर तोच एक तडा रुंदावत जातो आणि लोड उतरत जातो. हे सॉफ्टनिंग. पण पहिला तडा ज्या ताणावर गेला त्याहून जास्त ताण फायबरनी पेलला, तर लोड पुन्हा चढतो, शेजारचं काँक्रीट तडकतं, मग त्याच्या पलीकडचं. हे हार्डनिंग. 'हाय परफॉर्मन्स' म्हणायचं ते याला, दाबाखाली एम 80 ची ताकद गाठली म्हणून नव्हे. यासाठी फायबर तुटून चालत नाही, घासत घासत उपटून यावं लागतं. अल्ट्रा हाय परफॉर्मन्स प्रकारात साधारण 13 मिमी लांब आणि 0.2 मिमी जाड स्टील फायबर आकारमानाच्या 2 टक्के घालतात, म्हणजे घनमीटरला 157 किलो. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी 1990 च्या दशकात पीव्हीए या प्लॅस्टिकच्या फायबरचं मिश्रण पुढं आणलं, ते 3 टक्क्यांहून जास्त ताणलं जातं आणि तडे बहुतेक 0.1 मिमीच्या आतच राहतात.

लॅबमध्ये हे कसं दिसतं ते सांगते. डंबेलच्या आकाराचा नमुना दोन्ही टोकांना पकडून सरळ ओढायचा. आलेख वाकलेला असतो, पण नमुन्यावर डोळ्याला काही दिसत नाही. मग अल्कोहोल शिंपडायचं. पृष्ठभाग लगेच वाळतो, पण तड्यांत शिरलेलं तेवढं राहतं आणि केसाएवढ्या काळ्या रेघा उमटतात, काही मिलिमीटरवर एकेक. पुढं त्यातली एकच रेघ उघडायला लागते, बाकीच्या थांबतात, आणि फायबर उपटल्याची बारीक करकर ऐकू येते. तिथून पुढं स्ट्रेनची (लांबीच्या प्रमाणात किती ताणलं याची) भाषा चालत नाही, कारण मोजायचा गेज 5 सेंमीचा लावला की एक आकडा आणि 15 सेंमीचा लावला की दुसरा. त्यानंतर तड्याची रुंदी मिलिमीटरमध्येच बोलायची. मुलाखतीत मी असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

दुसरी गोष्ट ओतण्याची. पातळ मिश्रण वाहतं त्या दिशेनं फायबर वळतात, साच्याच्या भिंतीलगत भिंतीला समांतर होतात. तेच मिश्रण एका टोकाकडून ओतलं आणि मधोमध ओतलं तर ताणातली ताकद वेगळी येते. म्हणून लॅबच्या छोट्या बीमचा आकडा उचलून थेट जाड गर्डरला लावणारा पेपर दिसला की मी पुढं वाचत नाही.

आता तुझा प्रोजेक्ट. अजून कास्टिंग बाकी असेल तर क्यूब कमी कर आणि 150 बाय 150 मिमीचे बीम घाल. ईएन 14651 या युरोपियन मानकाप्रमाणं मधोमध 25 मिमीची खाच पाड, 500 मिमीच्या स्पॅनवर वाकव, आणि खाचेचं तोंड किती उघडलं ते मोज. 0.5 मिमी आणि 2.5 मिमी उघडल्यावर किती ताण उरला, हे आकडे डिझाइनला लागतात. मशीनची चौकशी मात्र आधी कर. साध्या यूटीएमवर (ओढून-दाबून चाचणी घ्यायच्या मशीनवर) लोड वाढवत नेला की पहिल्या तड्यालाच बीम धाडकन जातो आणि नेमका हवा तो भाग हातून निसटतो. तडा किती उघडला ते बघत स्वतःच लोड कमी-जास्त करणारी क्लोज्ड लूप मशीन लागते. तुमच्याकडं नसेल तर मोठ्या संस्थेत सरांचं पत्र घेऊन जा.

उपयोगाचं म्हणशील तर पाणी. तड्यातून पाझरणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 0.5 मिमीच्या एका तड्याऐवजी 0.05 मिमीचे दहा तडे झाले, तर एकूण रुंदी तेवढीच, पण पाणी शंभरावा हिस्सा. काळ्या मातीवरच्या कालव्यांचं अस्तर कसं फुटतं ते तू पाहिलंच असशील. पण 157 किलो स्टीलवालं मिश्रण कालव्याला कुणी घालणार नाही, त्याची जागा पातळ थरात. स्वित्झर्लंडमध्ये लेमान सरोवराकाठचा शियों पूल, लांबी सुमारे 2 किलोमीटर, 2014-15 मध्ये 4-5 सेंमीच्या अशा थरानं मजबूत केला. आपल्याकडचे जुने पूल बघ, तिथं वाव आहे. अर्जात किल्लारीचा भूकंप मात्र ओढून आणू नकोस. 30 सप्टेंबर 1993 ला माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. त्यावरचं उत्तर हलकं छप्पर आणि भिंतीतले आडवे बँड, फायबर नव्हे. इथले परीक्षक ओळखतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मास्टर्सला एपीएस प्रमाणपत्र (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे 11904 युरो दाखवावे लागतात (हा आकडा 2024 मधला, बदलला का ते बघ). बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो पडतात. पीएच.डी. इथं बऱ्याचदा पगारी नोकरी असते, तेव्हा कर्ज काढायचं ते मास्टर्सपुरतंच, असं घरी समजावून सांग. प्राध्यापकांना मेल करताना मार्कशीट मागं ठेव आणि बीमचा लोड विरुद्ध खाचेचं उघडणं हा आलेख पुढं लाव, बीम जिथं बिघडला तोसुद्धा. एपीएसचा अर्ज मात्र निकालाची वाट न बघता आता करता येतो का ते आजच तपास, त्यालाच वेळ जातो.