पायथन येतं, आता मेटाक्लास, डिस्क्रिप्टर शिकायचंय. जळगावात शिकवणारं कोणी सापडेना, पुण्याला क्लास लावू का?

भाऊ, मेटाक्लास (क्लास बनवणारा क्लास) सध्या बाजूला ठेवा. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि कंटाळून सोडून देतात.

आधी एवढंच पक्कं करा: ऑब्जेक्टपुढे टिंब देऊन 'वजन' लिहिलं, तर पायथन ते शोधतो कुठे? पहिल्यांदा क्लासमध्ये आणि त्याच्या वरच्या क्लासेसमध्ये बघतो, पण तिथे डेटा डिस्क्रिप्टर, म्हणजे __set__ (सेट) किंवा __delete__ (डिलीट) मेथड असलेली वस्तू सापडली तरच तो थांबतो. नाहीतर ऑब्जेक्टची स्वतःची डिक्शनरी. मग क्लासमधलं बाकीचं. कुठेच नाही मिळालं तर शेवटी क्लासमधली __getattr__ (गेटॲट्र) ही मेथड, असली तर. साधं फंक्शनसुद्धा (त्यात __get__ मेथड असल्याने) डिस्क्रिप्टरच असतं, म्हणून तर मेथडला सेल्फ आपोआप मिळतो! हा क्रम कागदावर मांडा आणि पायथनमधली 'प्रॉपर्टी' (property) स्वतःची स्वतः लिहून बघा. वीसेक ओळींत होते.

मी रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. वजन, भाव, कपात, यातलं काहीच शून्याखाली जाता कामा नये. तीच तपासणी दहा ठिकाणी लिहिण्याऐवजी एक डिस्क्रिप्टर केला. आपण कोणत्या नावाने बसलोय हे त्याला सेट-नेम या मेथडमधून कळतं. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांचे हिशेब निराळे, म्हणून प्रत्येकाचा वेगळा क्लास. मूळ क्लासमधली इनिट-सबक्लास ही मेथड त्यांची नोंद आपोआप घेते. नवा प्रकार आला की फक्त क्लास लिहायचा, जुन्या कोडला हात लावायचा नाही. सेट-नेम आणि इनिट-सबक्लास या दोन्ही मेथड २०१६ साली, पायथन ३.६ मध्ये आल्या. त्याआधी असल्या कामाला मेटाक्लास लागायचा; आता क्वचितच. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या मॉडेलमागे मात्र मेटाक्लास आहे, सवडीने वाचा.

डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणारं फंक्शन) लिहाल तेव्हा पायथनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधलं रॅप्स विसरू नका, नाहीतर एरर शोधताना सगळी फंक्शनं एकाच नावाची दिसतात. (दुसऱ्याचं कोड सांभाळणारा तेव्हा तुमचा उद्धार करतो.)

पुण्याच्या क्लासचे पैसे तूर्त वाचवा. पायथनसोबत डेटाक्लासेस (dataclasses.py) नावाची, क्लासची इनिट वगैरे मेथड आपोआप लिहून देणारी फाइल तुमच्या मशीनवर आलेलीच आहे. ती उघडा. इनिट मेथडचा मजकूर स्ट्रिंगमध्ये जोडून एक्झेकने (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनने) चालवलेला दिसेल. तसलंच छोटं डेटाक्लास स्वतः लिहा, आणि जिथे अडाल तो तुकडा इथे टाका.