सहा वर्षं बंद पडलेलं बोटीचं इंजिन

प्रश्न : रेसिंग बोटीचं पेट्रोल व्ही-८ इंजिन सहा वर्षं बंद आहे. बॅटरी जोडून थेट सेल्फ मारू का?

उत्तर : मुळीच नको! गंजून चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतील. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिलि इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. मग क्रँक (पिस्टन हलवणारा मुख्य दांडा) पान्याने हळूहळू फिरवा, तेही नेहमीच्याच दिशेने. उलट फिरवलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची (रबरी पात्यांच्या चाकाची) पाती मुडपतात. खरं तर इम्पेलर नवाच टाका. जुन्या रबराला वाक बसलेला असतो. पातं तुटून नळीत अडकलं, की इंजिन तापलंच. शिळं पेट्रोल काढा, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) धुवा, ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. प्लगविना, इग्निशनची (ठिणगीची) जोडणी काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ मारा. सुरू करण्याआधी ४ मिनिटं ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा, इंजिन थंड ठेवणारं पाणी जोडा. जेट बारीक करू नका. फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो.