मालकाकडून थेट जुनी गाडी घेताय?

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी गार होईपर्यंत थांबा किंवा परत या. गार इंजिन सुरू करताना निळसर धूर आला, तर ऑइल जळतंय.

मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या, मालकाने सुचवलेला नको. त्याला गाडी लिफ्टवर चढवून खालून बघू द्या. मालक त्याला नाही म्हणाला, तर तिथूनच रामराम.

पावसाळ्यानंतर विकायला निघालेली गाडी असेल तर मला तरी आधी पुराचाच संशय येतो. आतून धुऊन चकाचक करतात, पण सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. स्टेपनी उचलून खालचा खळगाही बघा. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवर रंग उडालेला दिसला, तर तो पत्रा कधीतरी खोललाय. का, ते विचारा.

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मीटर २५ हजार किलोमीटर दाखवतोय आणि चारही टायर बदललेले, तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो; सर्व्हिस रेकॉर्ड मागाच.

चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. थकलेली ई-चलानं मालकालाच भरायला लावा, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होण्याआधी.