मतदानाचं वय नसताना शाळेतल्या मुलाने निवडणुकीत एवढा रस घेऊन उपयोग काय?

तू लिहिलंयस की तू दहावीत आहेस, निकालाच्या दिवशी सकाळपासून टीव्हीसमोर बसतोस आणि घरचे, शाळेतले सगळे म्हणतात की आधी अठरा पूर्ण होऊदे, आत्ता अभ्यास कर. हेच वाक्य मी नववीत ऐकलंय, तेही स्टाफरूमच्या दारात उभं राहून, म्हणून लिहितेय. मी आता अकरावीला आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी.

आमच्या शाळेत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. 2023च्या जुलैमध्ये सरांनी मला निवडणूक अधिकारी केलं, कारण राज्यशास्त्रात मला मार्क चांगले पडायचे. मी ते काम जीव लावून केलं. वर्गावर्गातून पट उतरवून मतदार यादी केली, विज्ञानाच्या लॅबमध्ये सरांच्या मोबाईलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप टाकलं, पुठ्ठ्याचा आडोसा केला, निळ्या स्केचपेनने डाव्या बोटाला खूण. पाचवीची पोरं बटण दाबून बीप वाजेपर्यंत श्वास रोखून उभी राहायची आणि वाजला की पळत सुटायची. एकूण 352 मतं पडली. मोजणी मी आणि दोन मुलांनी सरांसमोर केली आणि वहीच्या कागदावर लिहून खाली सही केली. मुख्यमंत्रिपदाला वसतिगृहातल्या एका मुलाला 161, माझ्या जवळच्या मैत्रिणीला 138, तिसऱ्याला 31 आणि नोटाला 22.

माझं स्वतःचं मत मैत्रिणीला होतं, हे आधीच सांगते.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्यमंत्री म्हणून नाव पुकारलं गेलं ते मैत्रिणीचं. त्या मुलाला क्रीडामंत्री केलं. आकडे कुणी वाचलेच नाहीत. मी मधल्या सुट्टीत कागद घेऊन सरांकडे गेले, तर सर म्हणाले की स्नेहसंमेलनाला पाहुण्यांसमोर भाषण करावं लागतं, तो पोरगा बोलताना अडखळतो, शाळेची इज्जत जाईल. मी म्हटलं सर, मग निवडणूक कशाला घेतली, तुम्हीच नेमायचं होतं. तेव्हा ते म्हणाले, "निवडणूक कशी होते ते तुम्हाला कळावं म्हणून घेतली. तू आता राजकारण करू नकोस, ते गेटबाहेर. अठरा झालीस की कर काय करायचं ते." मैत्रिणीने पद घेतलं आणि तिला वाटलं मी जळते. आमचं बोलणं तेव्हा जे तुटलं ते आजही नीट नाही.

मला राग पद कुणाला दिलं याचा नव्हता. सही माझी होती. पाचवीतल्या पोरांना रांगेत मीच सांगितलं होतं की तुझं मत गुपित आहे आणि ते मोजलं जाणार आहे.

पुढच्या वर्षी मी दहावीत असताना 20 नोव्हेंबर 2024ला विधानसभेचं मतदान झालं. आमच्याच शाळेत केंद्र होतं, आदल्या दिवशी बेंच व्हरांड्यात काढून ठेवले होते. माझे काका एका उमेदवाराचे पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर त्याच्या वतीने बसणारे, होते (कुणाचे ते इथे महत्त्वाचं नाही). रात्री ते घरी आले आणि शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून देवघराच्या फळीवर ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, हा 17 सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली ते या फॉर्मवर लिहून सही करतो आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची प्रत देतो. 23 तारखेला मोजणीला जाताना काका तोच कागद घेऊन गेले, टेबलावर यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवायला. आपल्या पुस्तकात 'निवडणूक प्रक्रिया' हा अख्खा धडा आहे, पण हरलेला माणूस गप्प घरी का जातो हे मला त्या कागदावरून कळलं. आकडा त्याच्याही खिशात असतो.

आणि त्या निवडणुकीत आमचे सर दुसऱ्या एका गावात केंद्राध्यक्ष होते. नंतर त्यांनी वर्गात अभिमानाने सांगितलं की रजिस्टर आणि यंत्र यात एका मताचा फरक दिसत होता, तर शेवटी चूक सापडेपर्यंत जेवलो नाही, रात्रीचे अकरा वाजले. मला सरांचा आदर वाटला, खरंच वाटला, आणि त्याच क्षणी रडूही आलं. एका मतासाठी उपाशी राहणाऱ्या माणसाने आमची 23 मतांची आघाडी का पुसावी? आम्ही लहान म्हणून? वयाचं म्हणशील तर 1989 पर्यंत या देशात मतदानाचं वय 21 होतं, 61व्या घटनादुरुस्तीने ते 18 झालं. म्हणजे त्याआधी वीस वर्षांच्या कमावत्या माणसालाही हेच सांगता येत होतं की तुझं अजून वय नाही. उद्या कॉलेजात गेलास तरी फार वेगळं नाही. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, 2016च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे, पण माझ्या ओळखीच्या एकाही ताईदादाने कॉलेजात मत दिलेलं नाही. मग अठराव्या वाढदिवसाला एकदम अक्कल कुठून येणार?

तुझ्या प्रश्नाचं राहिलंच. उपयोग आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तो निर्णय राजकारणातच झाला आणि मी त्याच पासवर कॉलेजला येते. आमच्या नगरपालिकेवर कित्येक वर्षं प्रशासक होता, निवडणूक झाली ती डिसेंबर 2025 मध्ये, तोवर शाळेसमोरच्या गटारीसाठी जायला हक्काचा नगरसेवकच नव्हता. हे कळायला अठरा कशाला लागतात? सतरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 आगाऊ भरता येतो, मी भरलाय. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, यातल्या ज्या तारखेला तुझे अठरा पूर्ण असतील तेव्हा नाव लागतं.

अभ्यासाचं म्हणशील तर दहावीला मी निकालाचा दिवस सोडून टीव्ही बंद ठेवला होता, एवढंच सांगू शकते. आणि हो, रस घे म्हणजे कुणाचा गमछा गळ्यात घालून रॅलीत गाडी फिरव असं नाही. पेट्रोल आणि वडापाव देऊन पोरं गोळा करतात, तिथे जाऊच नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यावरून मित्रांशी भांडू नकोस. शाळेत काही निवडणूक असेल तर फक्त एवढा हट्ट धर की आकडे फळ्यावर लिहा. शिक्षक रागावले तरी धर. सरांशी माझं एवढंच भांडण होतं, त्यांनी आकडे वाचून दाखवून मग कारण सांगितलं असतं तर मी वाद घातला असता पण कागद जपून ठेवला नसता.

तो मुलगा मला मागच्या महिन्यात स्टँडवर भेटला, आता आयटीआयला आहे. मी त्याला सांगितलं की तुला 161 पडली होती. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, हरलो असंच धरून चालला होता. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "161? आम्ही वसतिगृहातले तर चाळीसच होतो." गाडी लागली तरी तो तिथेच उभा होता, बाकीची कुणाची असतील ते आठवत.