भाडेकरूला घरात मांजर पाळू द्यावं का?

पुण्यातला फ्लॅट मागणाऱ्या जोडप्याची दोन मांजरं आहेत, म्हणून तुम्ही अडलात. मी म्हणेन, द्या. पण आधी नसबंदी झाली आहे का ते विचारा. नसबंदी न केलेला बोका दाराच्या चौकटीवर, कपाटावर मुताची पिचकारी मारतो आणि तो वास लाकडात मुरतो, फिनाइलनेही जात नाही. माझ्या फ्लॅटमधलं प्लायवूडचं कपाट शेवटी काढावंच लागलं. पुढच्या भाडेकरूंचं नसबंदी केलेलं मांजर तीन वर्षं राहिलं. पडद्याचे चार धागे निघाले, एवढंच.

लसीकरणाचं कार्ड बघा. खिडक्यांना, बाल्कनीला जाळी हवीच. कबुतरामागे झेप घेऊन मांजरं खरंच खाली पडतात. ११ महिन्यांच्या करारात मांजरांची संख्या आणि नुकसानभरपाई लिहून घ्या. सोसायटीने हरकत घेतली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

आणि एकदा हो म्हटलंत की मधेच 'मांजरं काढा' म्हणू नका. घरात वाढलेलं मांजर रस्त्यावर फार हाल सोसतं.