सेकंडहँड गाडीचं बेज इंटिरियर काळं करता येतं का?

येतं की भावा, पण सगळं एकाच स्प्रेच्या डब्यानं होत नाही. सीटला कव्हर घाल, विषय संपला. खरी कटकट प्लॅस्टिकची. दरवाज्याची पॅनेलं, पिलर (काचांमधले खांब) वगैरे बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्याला साधा स्प्रे धरतच नाही, नखानं सोलून निघतोय. त्यात आधीच्या मालकानं डॅशबोर्डला चकाचक पॉलिश मारलेलं असणार, त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंगाला खड्डे पडतात, म्हणून पार्ट काढून साबणाच्या पाण्यानं धुवायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, मग प्लॅस्टिकचा अॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) आणि त्यावर पातळ पातळ दोन-तीन हात. घाईत जाड मारलास की ओघळ आलेच. भर पावसाळ्यात तर नकोच, कोल्हापूरची दमट हवा या कामाला बेकार. रंग मॅटच घे, ग्लॉसी डॅशबोर्ड समोरच्या काचेत चमकतोय.

एअरबॅगच्या झाकणांना मात्र हात लावू नकोस, आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर त्याला चालणारंच कव्हर घे.

छताचं कापड रंगवण्यापेक्षा कुशनवाल्याकडून बदललेलं बरं. तुझ्या मॉडेलचं काळं व्हेरियंट निघालं असेल तर आधी कोल्हापुरात उद्यमनगरात जुन्या पार्टची चौकशी कर, क्लिपा जुळल्या तर रंगाची भानगडच नाही. आरसीवर काही बदलावं लागत नाही, तो बाहेरच्या रंगाचा विषय. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात काळं इंटिरियर लई तापतंय, तेवढं बघ.