खासगी विद्यापीठे वाढली की स्पर्धेमुळे शिक्षण स्वस्त आणि चांगले होते का?

विकसनशील देशाने खासगी विद्यापीठांना मोकळीक दिली, तर स्पर्धेमुळे शुल्क उतरून दर्जा सुधारेल का, असे आपण विचारले आहे. शुल्क उतरू शकते. दर्जाविषयी मात्र मी साशंक आहे, आणि त्याचे कारण ब्राझीलचा अनुभव हे आहे.

तेथील सरकारी विद्यापीठांत शुल्क नाही, पण जागा थोड्या आणि प्रवेशपरीक्षा कठीण. त्यामुळे महागड्या खासगी शाळांतली बरीच मुले पुढे फुकट शिकत आणि सरकारी शाळांतली मुले दिवसा नोकरी करून, पैसे भरून खासगी संस्थांच्या रात्रवर्गांना बसत. (केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी राखणारा कायदा २०१२ मध्ये आला, बराच उशिरा, असे मला वाटते.) ही तुंबलेली मागणी समोर असताना १९९७ मध्ये नफ्यासाठी संस्था चालवण्याची मुभा मिळाली, २००७ मध्ये काही शिक्षणकंपन्या शेअर बाजारात उतरल्या आणि आज जवळपास ऐंशी टक्के विद्यार्थी खासगी संस्थांत आहेत.

ही वाढ निव्वळ स्पर्धेची नव्हे. २०१० मध्ये ‘फिएस’ या सरकारी शैक्षणिक कर्जाचा व्याजदर ३.४ टक्क्यांवर आणला गेला आणि प्रवेशांना भरती आली. शुल्क सरकार चुकते करणार आणि कर्ज बुडण्याची जोखीमही मुख्यतः त्याचीच, मग संस्थेने शुल्क कमी का करावे? २०१५ मध्ये अटी कडक होताच खरी चढाओढ सुरू झाली, आणि ती स्वस्त दूरशिक्षणाच्या मैदानात झाली; २०२० पासून नव्या प्रवेशांत दूरशिक्षणाचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. दरम्यान क्रोटन या शिक्षणकंपनीने २०१४ मध्ये आन्यांगेरा ही प्रतिस्पर्धी कंपनी सामावून घेतली. एस्तासिओ ही आणखी एक शिक्षणकंपनी घेण्याचा क्रोटनचा प्रयत्न मात्र स्पर्धा नियामकाने २०१७ मध्ये रोखला.

दर्जाची अडचण अशी, की पदवी माणूस बहुधा एकदाच घेतो आणि तिची किंमत नोकरी शोधताना कळते. तेव्हा ती परत करता येत नाही. प्रवेश घेताना त्याला दिसतात ते शुल्क, अंतर आणि जाहिरात, म्हणून संस्था त्यांवरच झुंजतात. ब्राझील सरकारने २०२५ मध्ये वैद्यक, दंतवैद्यक, कायदा, परिचर्या आणि मानसशास्त्र हे अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गांतच चालवण्याचे बंधन घातले, ते बाजाराने दर्जा राखण्याचे काम आपणहून केले नाही म्हणूनच.